जपूनकाकांचं चाव्यांचं गोदाम

या सगळ्याची सुरुवात विमा एजंटच्या टॉवेलपासून झाली.

तिसऱ्या मजल्यावरचा हा एजंट सकाळी अंघोळीला निघाला होता. जाता जाता दाराबाहेरचं वर्तमानपत्र उचलावं म्हणून त्यानं एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा टाकला, आणि वाऱ्यानं मागचं दार धाडकन लागलं. दाराला लॅच असल्यामुळे ते लागलं ते लागलंच. बायको ऑफिसला गेलेली. अंगावर टॉवेल, हातात वर्तमानपत्र. लोकांच्या आयुष्यातले सगळे धोके तोंडपाठ असलेला हा माणूस एक मजला उतरून, खाली मान घालून जपूनकाकांच्या दारात उभा राहिला.

जपूनकाकांना जपूनकाका का म्हणतात, हे त्यांच्याशी दोन मिनिटं बोललेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. जिन्यात भेटलेल्याला लोक 'काय, बरं आहे ना?' असं विचारतात. काका म्हणतात, 'जपून हं, ती तिसरी पायरी जरा उंच आहे.' रस्ता ओलांडताना ते उजवीकडे बघतात, डावीकडे बघतात आणि मग एकदा वरही बघतात. एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली, त्यात एक कागद हरवला नाही, आणि निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाचा हार गळ्यात असताना परत जाऊन कुलूप ओढून बघून आले. काकूंना लग्नामुळे आपोआप जपूनकाकू हे नाव पडलं. खरं म्हणजे ती बाई या जगात कशालाच भीत नाही, आणि हेही काकांच्या भीतीचं एक कारण आहे.

तर एजंट दीड तास काकांच्या सोफ्यावर बसला. टॉवेल ओला नव्हता, तरी काकांनी खाली जुने कागद अंथरले. शेवटी किल्लीवाला आला, वाकडी तार आत घातली आणि अर्ध्या मिनिटात दार उघडून दिलं. उघडताना तो स्वतःशीच हसला. म्हणाला, "या बिल्डिंगची कुलपं म्हणजे ना..." आणि वाक्य तसंच टाकून निघून गेला. काकांना अर्धवट वाक्यांची फार भीती वाटते. ते त्याच्या मागे जिना उतरले, पण तिसरी पायरी जपून उतरेपर्यंत त्याची स्कूटर चालू झाली होती.

संध्याकाळी एजंट पूर्ण कपड्यांत आला. हातात एक चावी होती.

"काका, तुम्ही नाहीतरी दिवसभर घरीच असता. आमची ही एक चावी ठेवा की तुमच्याकडे."

'नाहीतरी' हा शब्द काकांना लागला. चौतीस वर्षं ज्याच्या सहीशिवाय एक फाइल बाहेर गेली नाही, तो माणूस आता 'नाहीतरी' झाला! ते काही बोलणार, एवढ्यात काकू आतून आल्या.

"ठेवतील की. पण फुकट नाही हं. महिन्याला काहीतरी द्यायचं."

"अगं, पण त्यांच्याकडे चोरी झाली तर?" एजंट गेल्यावर काका म्हणाले.

"चोराला कळायला तर हवं, चावी तुमच्याकडे आहे ते."

"एजंटला माहीत आहे म्हणजे बिल्डिंगला माहीत आहे."

हे मात्र खरं निघालं. चार दिवसांत पहिल्या मजल्यावरची दोन घरं आली. महिन्याभरात बत्तीस घरांच्या त्या इमारतीतल्या सव्वीस चाव्या काकांच्या हॉलमधल्या फळीवर लटकू लागल्या. प्रत्येकाचं कारण वेगळं. कुणी विसराळू होता, कुणाची मुलं शाळेतून आधी यायची. चौथ्या मजल्यावरच्या नवरा-बायकोंनी तर एकाच दाराच्या दोन चाव्या वेगवेगळ्या आणून दिल्या आणि दोघांनीही 'तिकडे सांगू नका' म्हणून बजावलं.

सगळ्यांत शेवटी समोरच्या दारातल्या बाईंची चावी आली. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. एकट्या राहायच्या. चावी घेऊन त्यांची मुलगी आली होती. ती दूरच्या शहरात नोकरी करायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होती. तिनं चावी काकांच्या हातात ठेवली, पण आपला हात लगेच काढून घेतला नाही.

"काका, आईनं कधी दार उघडलं नाही, तर तुम्ही उघडाल ना?"

"हो," काका म्हणाले. आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

बाकी सगळं पावतीवर होतं, हे एकच तोंडी होतं. पावती काकांनी स्वतः तयार केली होती, कार्बन घालून, दोन प्रतींत. 'सदर चावी हरवल्यास, बदलल्यास अगर वेळेवर उपलब्ध न झाल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी खाली सही करणाराची राहील.'

"स्वतःच्याच विरुद्ध असं कोण लिहून देतं?" काकूंनी विचारलं.

"नियमच आहे तसा."

"कुणाचा नियम?"

"माझा."

चावी ओळखायची पद्धतही रेकॉर्ड रूमचीच. प्रत्येक चावीला पांढऱ्या नाडीचा तुकडा आणि त्यावर निळ्या शाईनं आकडा. हा आकडा घराचा नंबर नव्हे. चोर आला तर त्याला आयतं मिळायला नको, म्हणून घराचा नंबर उलटा लिहून त्यात काका आपल्या नोकरीत रुजू झाल्याची तारीख मिळवत. कुठला आकडा कुणाचा, हे रजिस्टरमध्ये. रजिस्टर कपाटात, कपाटाला कुलूप, आणि त्या कुलपाची चावी चहाच्या डब्यात, चहाच्या खाली. सकाळचा पहिला चहा त्यामुळे कधीकधी लोखंडी लागायचा.

पण व्यवस्था जितकी पक्की होत गेली, तितके काका पोखरत गेले. त्यांनी बाहेर जाणं सोडलं. आधी सकाळचं फिरणं गेलं, मग वाचनालय गेलं, मग चुलतभावाकडचं बारसं गेलं. एवढी घरं भिंतीवर टांगून माणूस बारशाला जाणार कसा? ते फळीसमोर खुर्ची टाकून बसत आणि जिन्यात पाऊल वाजलं की मोजत. कुठल्या घरचा माणूस नेहमी किती पायऱ्या चढतो, हे त्यांना आता पाठ झालं होतं. जास्त पायऱ्या वाजल्या की ते दाराच्या भिंगापाशी जाऊन उभे राहत.

एजंट येता-जाता धीर देऊन जायचा. त्याच्या धीराची तऱ्हा वेगळी होती. "काका, चोरी बाजूला ठेवा हो. समजा, आग लागली तर?" काकांनी आगीचा विचार केला नव्हता. "किंवा समजा, तुम्हालाच काही झालं?" तोही केला नव्हता. "किंवा समजा, कायद्यानं विचारलं, की परवाना कुठे?"

परवाना! काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"विचारायला जाऊच नका," काकू म्हणाल्या. "भाजीवाल्याला कुणी विचारलंय का आजवर? गेलात, तर नसता ताप मागे लावून घ्याल."

काका दुसऱ्याच दिवशी गेले. जाताना काकूंना फळीसमोरच्या खुर्चीत बसवून गेले.

परवाना खिडकीवरच्या कारकुनानं वर न बघता विचारलं, "काय विकता?"

"काही नाही."

"काय बनवता?"

"काही नाही."

"दुरुस्ती?"

"नाही."

आता कारकुनानं वर बघितलं. "मग धंदा कसला करता?"

"सांभाळतो," काका म्हणाले. "चाव्या सांभाळतो."

कारकुनानं एक जाडजूड यादी काढली आणि बोट फिरवत बसला. सांभाळण्याचा धंदा तिच्यात नव्हता. कारकून वाईट माणूस नव्हता. समोर आलेल्या अर्जाला घर मिळवून दिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, आणि काकांना ही वृत्ती ओळखीची वाटली. शेवटी त्याचं बोट थांबलं. "गोदाम," तो म्हणाला. "दुसऱ्याचा माल, तुमच्या जागेत. बसतंय बरोबर. माल कशावर ठेवता?"

"खिळ्यांवर."

"'लोखंडी मांडणी' लिहा. वाळूच्या चार बादल्या लागतील, लाल रंगाच्या. धूम्रपान मनाईची पाटी. सोसायटीचं ना हरकत पत्र. आणि मग तपासणी."

"तपासणी कधी?"

"ती कधीही होऊ शकते," कारकून म्हणाला. हे वाक्य त्यानं सगळ्यांनाच ऐकवलं असणार, पण काकांनी ते आपल्यासाठी म्हणून घरी आणलं.

सोसायटीच्या सेक्रेटरीनं तीन दिवस विचार करून लेखी कळवलं, की हरकत आहे की नाही हे ठरवायला सभा बोलवावी लागेल आणि तोपर्यंत ना हरकत देण्यास हरकत आहे. मात्र त्याची स्वतःचीही चावी काकांकडे होती, आणि एका संध्याकाळी तो लॅचबाहेर अडकला. त्या दिवशी पत्र लगेच मिळालं. चार लाल बादल्या हॉलमध्ये आल्या. त्यांतल्या दोन बादल्यांना अडखळून एजंट पडला आणि म्हणाला, की यासाठी वेगळी पॉलिसी असते.

मग कार्ड आलं. येत्या गुरुवारी इन्स्पेक्टर येणार होते.

बुधवारी काका केस कापायला गेले. चौतीस वर्षांत तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी कधी केस कापायचे राहू दिले नव्हते. अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं. परत आले, तर हॉल लखलखत होता. बादल्या पुसलेल्या, पाटी सरळ, आणि फळीवर सव्वीस चाव्या अशा चमकत होत्या, की काकांना क्षणभर आनंद झाला. क्षणभरच.

"किती काळ्या झाल्या होत्या हो!" काकू पदराला हात पुसत म्हणाल्या. "लोकांचे हात लागलेल्या. इन्स्पेक्टर काय म्हणाला असता? कढत पाण्यात साबण घालून ठेवल्या दहा मिनिटं. नाड्याही कशा पांढऱ्याशुभ्र निघाल्यात बघा."

काकांनी बघितलं. नाड्या पांढऱ्याशुभ्र होत्या. एकीवरही शाईचा ठिपका उरला नव्हता.

"लहान-मोठ्या बघून लावाव्यात म्हटलं," काकू सांगत होत्या, "तर मेल्या सगळ्या सारख्याच."

काका खुर्चीत बसले. चौतीस वर्षांत एक कागद हरवला नव्हता, आणि इथे एका दुपारी सगळी घरं हरवली. पावत्या मात्र सव्वीसच्या सव्वीस लोकांच्या घरात शाबूत होत्या, कार्बनसकट. आणि त्या सगळ्यांहून वाईट म्हणजे, समोरच्या दाराचा तो तोंडी 'हो'. बाईंनी उद्या दार उघडलं नाही, तर आपण काय करणार? सव्वीस चाव्या घेऊन एकेक लावत बसणार?

"माझी चूकच झाली," काकू म्हणाल्या. त्या असं सहसा म्हणत नाहीत. काकांना त्याचीही भीती वाटली.

गुरुवारी इन्स्पेक्टर आले. इन्स्पेक्टरनी पाटी वाचली, बादल्यांत बोटं बुडवली, "वाळू दोन बोटं कमी आहे" असा शेरा मारला आणि निघाले. फळीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. जाता जाता मात्र म्हणाले, "फारच स्वच्छ ठेवलंय हो!" काकांना रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

मार्ग काकूंनीच काढला. "दुपारी निम्मी बिल्डिंग कामावर असते. एकेका दाराला एकेक चावी लावून बघा. लागली, की चिठ्ठी बांधा. त्यात काय एवढं?"

"अगं, याला घरफोडी म्हणतात."

"काही फोडायचं नाहीये. उघडायचं आणि परत लावायचं."

काका चार दिवस नाही म्हणाले. पाचव्या दिवशी, दुपारी दोन वाजता, खांद्याला सव्वीस चाव्यांची पिशवी आणि हातात फडकं घेऊन ते जिना चढले. फडकं कशाला? कुणी विचारलंच, तर कठडा पुसतोय म्हणून सांगायला. पण कठडा पुसणारा माणूस इतका घामाघूम का झालाय, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

पहिलं दार एजंटचं. काकांनी पिशवीतून हाताला लागली ती चावी काढली. ती कुलपात जायलाच चार प्रयत्न लागले, कारण हात थरथरत होता. फिरवली. खट्. दार उघडलं.

पहिल्याच फटक्याला! काकांचा जीव भांड्यात पडला. दार घाईघाईनं ओढून घेतलं, चावीला चिठ्ठी बांधली, आणि ते शेजारच्या दाराकडे वळले. तिथेही हाताला लागली ती पहिली चावी. खट्. आपलं नशीब आज काही वेगळंच आहे, असं त्यांना वाटलं. तिसरं दार सेक्रेटरीचं. खट्.

आता काकांना बरं वाटेना. नशिबाचा आणि त्यांचा इतका घरोबा कधीच नव्हता. त्यांनी पिशवीतून एजंटची चिठ्ठी बांधलेली चावी काढली आणि ती सेक्रेटरीच्या दाराला लावली.

खट्.

मग ते वेड्यासारखे जिना चढ-उतर करत राहिले. कुठलीही चावी, कुठलंही दार, खट्. इमारत बांधणाऱ्यानं कुलपं एका खोक्यातून आणून बसवली होती, आणि त्या खोक्यातल्या सगळ्या चाव्या सारख्याच होत्या. किल्लीवाल्याचं अर्धवट वाक्य काकांना आत्ता पुरं ऐकू आलं. शेवटी ते आपल्या मजल्यावर आले आणि स्वतःच्या दाराला त्यांनी एजंटची चावी लावली. दार उघडलं. काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आलात? मिळाल्या का?"

"सगळ्या मिळाल्या," काका म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे प्रश्न सुटला की!" काकांनी हिशेब केला. बत्तीस घरं, घराला तीन चाव्या. म्हणजे या दाराच्या शहाण्णव चाव्या इमारतीत फिरत होत्या. शाळकरी पोरांच्या दप्तरात होत्या, कामवाल्यांच्या कनवटीला होत्या. आणि ही गोष्ट सबंध जगात फक्त आपल्याला माहीत आहे. सांगावी, तर बत्तीस घरांत बोंब उठेल, प्रत्येक जण शेजाऱ्याकडे चोर म्हणून बघेल, आणि पहिला प्रश्न येईल, 'तुम्हाला कसं कळलं, काका?' न सांगावी, आणि काही झालं, तर? काकांनी दाराला आतून खुर्ची लावली. खुर्चीला टेकून एक लाल बादली ठेवली. वाळूचा पहिला उपयोग तो.

त्यानंतरचे आठ दिवस फार वाईट गेले. एजंट जिन्यात खिशातल्या किल्ल्या वाजवत जायचा, आणि काकांना आपल्याच दारात कुणी किल्ली फिरवल्यासारखं वाटायचं. कुणी हसून 'काय काका, चाव्या सुखरूप ना?' म्हणालं, की ते घरी जाऊन सव्वीसही पुन्हा मोजायचे. सगळं सांगून टाकावं असं त्यांना दहादा वाटलं आणि दहाही वेळा त्यांनी तोंड मिटून घेतलं.

नवव्या दिवशी, अकराच्या सुमाराला, काकांनी दाराच्या भिंगातून बाहेर बघितलं. रात्रभर दार राखत जागल्यामुळे ते उशिरा उठले होते, आणि ही त्यांची त्या दिवसाची पहिलीच फेरी. बाईंच्या दाराबाहेर वर्तमानपत्र तसंच पडलं होतं. शेजारी दुधाची पिशवी.

बाई सहाला उठायच्या. सातला दूध आत. साडेसातला वर्तमानपत्र. बारा वर्षांत यात पाच मिनिटांचा फरक पडला नव्हता.

काकांनी बेल वाजवली. दार ठोठावलं. "बाई! बाई!" उत्तर नाही. काकू खाली बाजारात गेल्या होत्या. काका घरात परत आले, फळीसमोर उभे राहिले, आणि भीतीनं त्यांना काही सुचेना. ही नेहमीची भीती नव्हती. नेहमीच्या भीतीत त्यांना फार सुचतं. आता डोळ्यांपुढे फक्त बाईंच्या मुलीचा हात होता, चावीवरून लवकर न निघालेला.

ते सव्वीस चाव्यांत बाईंची चावी शोधू लागले. यातली कुठलीही चालणार होती, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. तरी ते एकेक चावी उलटीपालटी करत होते, कारण कबूल केलं होतं ते बाईंच्या चावीनं बाईंचं दार उघडायचं. मिनिटभरानं त्यांनी स्वतःलाच एक शिवी दिली, आयुष्यातली बहुधा पहिली, आणि हाताला आली ती चावी घेऊन धावले.

खट्.

"बाई," काका उंबऱ्यावरूनच म्हणाले. "आत येऊ का?"

"यायलाच हवं," आतून आवाज आला. "मला बाहेर येता येत नाहीये."

बाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या, ओट्याला टेकून. पाय घोट्यापाशी सुजून टम्म झाला होता. हातात चहाचा चमचा तसाच होता. चेहरा पांढरा पडला होता, पण केस नीट होते.

"सहा वाजता घसरले," बाई म्हणाल्या. "ओरडून पाहिलं, पण हल्ली आवाज पोचत नाही माझा. म्हटलं, वर्तमानपत्र दिसेल तुम्हाला. मला वाटलं होतं, नऊपर्यंत याल. उशीर केलात."

"बाई, ही तुमची चावी नाही!" काकांच्या तोंडून निघालं. "कुणाची आहे, मला माहीत नाही. काकूंनी सगळ्या धुतल्या. आणि कुठलीही कुठंही लागते. मी सगळ्यांची दारं उघडून बघितली. मी—"

"जपूनराव, आधी मला उठवा. कबुलीजबाब मग द्या."

काकांनी बाईंना उठवलं, खुर्चीत बसवलं, डॉक्टरांना फोन केला, मुलीला फोन केला. हात एकदाही थरथरला नाही, हे त्यांना फार नंतर आठवलं. हाड मोडलं नव्हतं, नुसतं मुरगळलं होतं. संध्याकाळी पायाला पट्टी बांधून बाई पलंगावर बसल्या, आणि समोर स्टुलावर काका बसले. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलाला आत बोलावल्यासारखे ते दिसत होते.

"कुलपांचं मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "राहायला आले त्याच वर्षी कळलं. विचारांच्या नादात एक मजला जास्त चढले, दार उघडलं आणि चहाला पाणी ठेवलं. साखरेचा डबा हातात घेतला, तेव्हा लक्षात आलं की हा आपला नाही. गॅस बंद केला, दार लावलं, खाली आले."

काकांनी आ वासला. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुणाला? तुम्हाला? तुम्ही झोपला असता का बारा वर्षं?"

हे खरं होतं. "पण मग," काका चाचरत म्हणाले, "बत्तीस घरांत तुमची चावी असताना, ती माझ्याकडे कशाला ठेवली? तीही पैसे देऊन?"

बाईंनी पायाची पट्टी जरा सैल केली.

"चावी सगळ्यांकडे आहे हो. आज सकाळी माझ्या दारावरून निदान वीस माणसं गेली असतील, आणि सगळ्यांच्या खिशात माझी चावी होती. त्यांनी दूध बघितलं असेल, वर्तमानपत्रही बघितलं असेल. घाबरलं कोण? तुम्ही. लेक म्हणाली, कुणाकडे ठेवू चावी? मी म्हटलं, या बिल्डिंगमध्ये सगळ्यांत जास्त जो घाबरतो, त्याच्याकडे ठेव."

आयुष्यभर ज्या गोष्टीवरून लोक हसले, तिच्याबद्दल कुणी असं बोललं नव्हतं. ते उठले, गॅस बंद आहे की नाही ते बघून आले, आणि डोळे पुसूनच परत स्टुलावर बसले.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर काकांनी गुपित फोडलं नाही, पण गप्पही बसले नाहीत. पंधरा दिवस ते घरोघर फिरले. "दिवस वाईट आहेत, जपून. लॅचच्या वर एक चांगलं कुलूप बसवून घ्या. आणि सगळ्यांनी एकाच दुकानातून घेऊ नका हं." लोक हसले, आणि काकांची कटकट थांबावी म्हणून त्यांनी कुलपं बसवून घेतली. एजंटनं तर आपल्या गिऱ्हाइकांनाही हाच सल्ला द्यायला सुरुवात केली. मग व्हायचं तेच झालं. नव्या कुलपाची जादा चावी ठेवायची कुठे? सव्वीसच्या एक्कावन्न झाल्या. बाईंची हकीकत एव्हाना समोरच्या इमारतीत पोचली होती, तिथून अठरा आल्या. परवाना खिडकीवरच्या कारकुनानं 'मोठे गोदाम' असा फेरफार करून आठ बादल्या सांगितल्या. चिठ्ठ्या आता पत्र्याच्या आहेत, आकडे ठोकून उठवलेले. काकू त्या खुशाल धुतात.

दोनच घरांनी नवं कुलूप लावलं नाही. एक बाईंचं. "राहू दे तसंच," त्या म्हणाल्या. "कधीतरी आणखी कुणाला घाबरायची बुद्धी होईल." दुसरं घर कुणाचं, ते एका रविवारी दुपारी कळलं. बाईंची बेल वाजली. दारात जपूनकाका उभे, हातात एक चावी.

"ही आमच्या घराची. तुमच्याकडे ठेवावी म्हटलं. आम्ही दोघंच असतो. आणि ही तर कशालाच घाबरत नाही."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मला कशाला? माझी चावी तुमच्या दाराला लागतेच की."

"लागते हो," काका म्हणाले. "पण त्याची नोंद नाही."

बाईंनी चावी हातात घेतली. मग लंगडत टेबलापाशी गेल्या, वहीतलं पान फाडलं, आणि तपासायच्या लाल पेननं दोन ओळी लिहून काकांच्या हातात दिल्या. काकांनी जिन्यातल्या उजेडात त्या दोनदा वाचल्या, घडी घालून वरच्या खिशात ठेवल्या आणि बाईंचं दार ओढून न बघताच घरी गेले.

'चावी मिळाली. आपले वर्तमानपत्र आठपर्यंत आत न गेल्यास घाबरण्याची संपूर्ण जबाबदारी माझी.'